मतदार नोंदणीचं टेबल: अमेरिकेतला मताधिकाराचा इतिहास लोकांसमोर कसा मांडतात

१९५५ नंतर मिसिसिपी राज्यात मतदार म्हणून नाव घालायचं, तर २१ प्रश्नांचा अर्ज स्वतःच्या हाताने भरावा लागे. नाव, वय, पत्ता, व्यवसाय. तुम्हाला कामावर कोणी ठेवलंय, हाही एक प्रश्न. मग राज्याच्या घटनेतलं एक कलम जसंच्या तसं उतरवायचं, खाली त्याचा अर्थ आपल्या शब्दांत लिहायचा आणि शेवटी नागरिकाची कर्तव्यं काय यावर चार ओळी. घटनेत कलमं २८५. त्यातलं कुठलं द्यायचं हे कोर्टाचा कारकून ठरवणार. लिहिलेला अर्थ ‘वाजवी’ आहे का, हेही तोच ठरवणार.

आज तोच कोरा अर्ज एखाद्या गावच्या वाचनालयात टेबलावर ठेवतात. भोवती पंधरा-वीस माणसं बसतात: निवृत्त शिक्षक, दुकानदार, कॉलेजची मुलं, शेतकरी. अर्ज हातात घेऊन ते बोलू लागतात. सार्वजनिक मानव्यविद्या म्हणतात ती साधारण अशी असते. इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान, कायद्याचा इतिहास हे विषय विद्यापीठाच्या फाटकाबाहेर काढायचे आणि ज्यांना परीक्षा द्यायची नाही अशांबरोबर वाचायचे. आपल्याकडच्या व्याख्यानमालेशी याचं नातं आहे, पण व्याख्यानमालेत वक्ता मंचावर असतो आणि श्रोते खुर्च्यांत. इथे मंच नसतो, मूळ कागद मध्ये असतो.

या कामामागची सरकारी चौकट १९६५ सालची. त्या वर्षी ६ ऑगस्टला राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मतदान हक्क कायद्यावर सही केली आणि २९ सप्टेंबरला कला व मानव्यविद्यांच्या राष्ट्रीय प्रतिष्ठानाच्या कायद्यावर. दुसऱ्या कायद्यात म्हटलंय की लोकशाहीला आपल्या नागरिकांकडून शहाणपण आणि दूरदृष्टी हवी असते. त्यातून मानव्यविद्यांचा राष्ट्रीय निधी उभा राहिला आणि पुढे १९७१पासून राज्य पातळीवरच्या परिषदा. आता अशा ५६ परिषदा आहेत: पन्नास राज्यांच्या, राजधानी वॉशिंग्टनची आणि पाच प्रदेशांच्या. गावच्या वाचनालयाला वक्ता, छोटं अनुदान किंवा फिरतं प्रदर्शन मिळतं ते बहुतेक वेळा या परिषदेकडून.

विषयात शिरण्याआधी मराठी वाचकाने आपल्या काही सवयी बाजूला ठेवायला हव्यात. भारतीय घटनेच्या ३२६व्या कलमात प्रौढ मताधिकार सरळ लिहिलेला आहे. अमेरिकेच्या मूळ घटनेत ‘प्रत्येक नागरिकाला मत’ असं वाक्य नाही. कोणी मत द्यायचं हे राज्यांवर सोडलं होतं. नंतरच्या दुरुस्त्याही नकारार्थी भाषेत आहेत. १८७०ची पंधरावी दुरुस्ती म्हणते, वंश, वर्ण किंवा पूर्वीची गुलामी या कारणावरून मत नाकारता येणार नाही. १९२०ची एकोणिसावी म्हणते, लिंगावरून नाकारता येणार नाही. म्हणजे दुसरं एखादं कारण शोधायला वाट मोकळीच राहिली. शिवाय आपल्यासारखा देशभर निवडणुका घेणारा एकच आयोग तिथे नाही. राज्य नियम करतं आणि काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) किंवा शहर ते राबवतं. परंपरेने नाव नोंदवायची जबाबदारी मतदाराची, सरकारची नव्हे. त्यामुळे हक्काची खरी जागा वॉशिंग्टनमध्ये नसते, काउंटी कचेरीतल्या त्या टेबलावर असते. हा मुद्दा ज्या कार्यक्रमात हाताला लागत नाही, तो नुसता थोरामोठ्यांच्या फोटोंचा होतो.

ती वाट दक्षिणेतल्या राज्यांनी कशी वापरली, हे आकड्यांतून दिसतं. लुइझियानामध्ये १८९६ साली १,३०,३३४ कृष्णवर्णीय मतदारांची नोंद होती. १८९८ साली नवी घटना आली. तिच्यात साक्षरतेची आणि मालमत्तेची अट होती, आणि जोडीला आजोबांचं कलम: १ जानेवारी १८६७ रोजी ज्याला मताधिकार होता, त्याला आणि त्याच्या मुला-नातवांना त्या अटी माफ. १८६७ची तारीख काही सहज निवडलेली नव्हती, त्या दिवशी तिथल्या कृष्णवर्णीयांना मताधिकार नव्हता. १९०० साली नोंदणी ५,३२० वर आली. कलमात वंशाचं नावही नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने असली कलमं १९१५ साली रद्द केली, तोवर बाकीची हत्यारं तयार होती.

त्यातलं एक पोल टॅक्स, म्हणजे मत द्यायचं तर भरावी लागणारी डोईपट्टी. मिसिसिपीत वर्षाला दोन डॉलर आणि मत द्यायचं तर दोन वर्षांच्या पावत्या दाखवायच्या. अलाबामात दीड डॉलर, पण थकबाकी साचत जाई: एकविसाव्या वर्षापासून पंचेचाळिसाव्यापर्यंत काहीच भरलं नसेल तर ३६ डॉलर. रोख पैसा वर्षातून एकदाच, कापूस विकल्यावर, हातात येणाऱ्या कुळाला हे कसं झेपणार? गरीब गोरेही यात भरडले गेले. गटचर्चेत हा मुद्दा आवर्जून काढावा, कारण तिथेच समोरच्या काही माणसांना आपले पणजोबा आठवतात. केंद्रीय निवडणुकांतला पोल टॅक्स १९६४च्या चोविसाव्या दुरुस्तीने गेला, राज्यांच्या निवडणुकांतला १९६६च्या निकालाने.

आता पुन्हा अर्जाकडे. तो अर्ज लोकांपुढे ठेवल्यावर सगळ्यात जास्त वेळा काय बिघडतं, तर लोक हसतात. ‘बापरे, हे तर आम्हालाही जमणार नाही,’ म्हणतात आणि अडचण परीक्षेच्या काठिण्याची होती असं समजून घरी जातात. अडचण काठिण्याची नव्हतीच. एकच प्रश्न एकाला सोपा करता येत होता आणि दुसऱ्याला अशक्य. लुइझियानाच्या खटल्यातल्या नोंदींत एका गोऱ्या अर्जदाराचं तीन शब्दांचं उत्तर आहे, ‘भाषणस्वातंत्र्य’ असं काहीतरी लिहायचा प्रयत्न, एकही शब्द धड नाही, आणि ते मान्य झालेलं. त्याच राज्यात शिकलेल्या कृष्णवर्णीयांची नीट लिहिलेली उत्तरं नापास होत होती. म्हणून कोरा अर्ज एकटा कधी देऊ नये. शेजारी मान्य झालेलं एक उत्तर आणि अमान्य झालेलं एक उत्तर ठेवावं. हसू थांबतं.

दुसरी चूक थोडी आडवळणाची आहे. इंटरनेटवर लुइझियानाची ३० प्रश्नांची, १० मिनिटांची एक प्रश्नपत्रिका फिरते. शब्दांचे खेळ, गोल काढा, उलटं लिहा असले प्रश्न. १९६४ साली त्या राज्याच्या काही भागांत ती वापरली गेली, पण कित्येक ठिकाणी ‘दक्षिणेत सगळीकडे हीच परीक्षा होती’ म्हणून ती दाखवतात. तसं नव्हतं. अलाबामात प्रश्न वेगळे होते, मिसिसिपीत कलमाचा अर्थ लिहायचा होता, साउथ कॅरोलायनात घटनेचा उतारा वाचून-लिहून दाखवायचा किंवा ३०० डॉलरची मालमत्ता दाखवायची. आपल्या राज्याचा, आपल्या काउंटीचा कागद राज्य अभिलेखागारातून मिळवावा. त्याला वेळ लागतो, पण समोरच्या प्रेक्षकाला कचेरीची इमारत ओळखीची असली की चर्चेचा रंगच बदलतो.

तिसरी चूक सोंग करण्याची. कोणाला कारकून करायचं, कोणाला अर्जदार, आणि अपमानाचा प्रयोग लावायचा. शाळांमध्ये हे फार होतं. ज्यांच्या घरात तो अपमान खरोखर सोसलेला आहे, त्यांना पुन्हा तिथे उभं करण्यात शिक्षण नाही. कागद पुरेसा बोलतो.

एक बैठक साधारण दीड तासाची ठेवावी, माणसं बारा ते अठरा. वीसच्या वर गेली की पाच-सहा जणच बोलतात आणि बाकीचे श्रोते होतात. पहिली दहा मिनिटं शांतपणे वाचन. चर्चा चालवणाऱ्याने तेव्हा प्रस्तावना करण्याचा मोह आवरावा. मग पहिला प्रश्न मताचा नको, कागदाचा हवा: या अर्जात तुम्हाला अनावश्यक काय वाटतं? कोणीतरी नक्की विचारतं की मालकाचं नाव कशाला हवं. तिथून धागा सुटतो. १९६२पासून मिसिसिपीत अर्जदारांची नावं स्थानिक वर्तमानपत्रात छापण्याचा कायदा झाला. नाव मालक वाचणार, सावकार वाचणार. त्याच वर्षी ३१ ऑगस्टला मळ्यावर राबणाऱ्या कृष्णवर्णीय बाई फॅनी लू हेमर आणि आणखी सतरा जण नाव नोंदवायला रूलव्हिलहून इंडियानोलाच्या कचेरीत बसने गेले. हेमर यांच्या वाट्याला प्रत्यक्षात लागू असलेल्या, ‘डी फॅक्टो’ कायद्यांबद्दलचं कलम आलं. त्या नापास झाल्या. घरी पोचेपर्यंत मळ्याच्या मालकाला बातमी कळली होती, आणि ज्या मळ्यात अठरा वर्षं राबल्या तो त्यांना त्या रात्रीच सोडावा लागला. जानेवारी १९६३मध्ये त्या परीक्षा पास झाल्या, पण मत द्यायला गेल्या तेव्हा पोल टॅक्सच्या दोन पावत्या नव्हत्या. ही हकीकत शेवटच्या अर्ध्या तासात सांगावी. आधी सांगितली तर लोक कागद वाचतच नाहीत, हेमर यांच्या धैर्याबद्दल बोलत बसतात.

खरं म्हणजे या सगळ्या कार्यक्रमांचा पूर्वज साउथ कॅरोलायनाच्या जॉन्स बेटावर सापडतो, आणि त्याला कोणतंही सरकारी अनुदान नव्हतं. एसॉ जेन्किन्स बेटावरून चार्ल्स्टनला कामगारांची बस चालवत. प्रवासात ते उतारूंना राज्यघटनेचा मजकूर वाचून दाखवत आणि पाठ करून घेत. ॲलिस वाइन नावाच्या उतारू बाईंनी मतदार व्हायचंय म्हणून वाचायला शिकवा असा धोशा लावला. जानेवारी १९५७मध्ये टेनेसीच्या हायलँडर लोकशाळेच्या मदतीने वर्ग सुरू झाला. पुढच्या खोलीत सहकारी किराणा दुकान आणि मागच्या खोलीत वर्ग, म्हणजे गोऱ्या शेजाऱ्यांना संशय नको.

शिकवायला बर्निस रॉबिन्सन यांना नेमलं. त्या केशभूषाकार होत्या, शिक्षिका नव्हत्या, आणि नेमकं म्हणूनच नेमलं. त्यांची गिऱ्हाइकं कृष्णवर्णीय, त्यामुळे गोरा मालक नोकरीवरून काढेल ही भीती नाही. हायलँडरमध्ये काम करणाऱ्या सेप्टिमा क्लार्क यांना चाळीस वर्षांच्या शिक्षकी नोकरीनंतर १९५६ साली एनएएसीपी या हक्कसंघटनेचं सभासदत्व सोडलं नाही म्हणून काढून टाकलं होतं, तेव्हा ही भीती कागदावरची नव्हती. शिवाय साठ वर्षांच्या शेतमजुराला लहान मुलासारखं वागवणारा व्यावसायिक मास्तर वर्ग सुरू करणाऱ्यांना नको होता. रॉबिन्सन यांनी पहिल्या रात्री आणलेली लहान मुलांची पुस्तकं बाजूला ठेवली आणि समोरच्या चौदा जणांना विचारलं, तुम्हाला काय शिकायचंय? आपलं नाव लिहायचंय, मनीऑर्डर भरायचीय, टपालाने वस्तू मागवण्याचा फॉर्म भरायचाय, बायबल वाचायचंय. आठवड्यातून दोन संध्याकाळी वर्ग भरे. मनीऑर्डरपासून सुरू झालेला अभ्यास नोंदणी अर्जावर संपे. १९६१ साली हा उपक्रम मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेकडे गेला आणि दक्षिणेत पसरला. आजही नागरिकत्वावरच्या कार्यक्रमाची आखणी करताना ‘लोकांना काय शिकवायचं’ याऐवजी रॉबिन्सन यांचा प्रश्न आधी विचारला, तर निम्मी चूक टळते.

आता फिरत्या प्रदर्शनांबद्दल. राष्ट्रीय संग्रहालयं चालवणारी स्मिथसोनियन संस्था १९९४पासून छोट्या गावांसाठी प्रदर्शनं पाठवते. वॉशिंग्टनच्या अमेरिकन इतिहास संग्रहालयात २०१७ साली लोकशाहीवर एक मोठं दालन उघडलं. त्याचीच गावांसाठी केलेली आवृत्ती राज्य परिषदांमार्फत राज्याराज्यांत फिरते. तिचे पाच भाग आहेत: राजाशिवाय राज्य चालवण्याची पहिली उडी, मत आणि आवाज, निवडणुकांची यंत्रणा, मतपेटीपलीकडचा निषेध आणि अर्ज-विनंत्या, आणि नागरिक घडवणं. एका गावात मुक्काम साधारण सहा आठवडे. सुटे फलक पेट्यांतून येतात आणि जोडायला गावातलीच माणसं लागतात.

पण अनुभव असा की फलक वाचायला लोक एकदाच येतात. पुन्हा येतात ते शेजारच्या टेबलावर गावाने काय मांडलं ते बघायला: १९२०ची मतदार यादी, जुनी लाकडी मतपेटी, पहिल्या कृष्णवर्णीय नगरसेवकाचा फोटो, स्त्री-मताधिकाराच्या चळवळीतली आजीची पट्टी. म्हणून स्थानिक टेबलाची तयारी सहा महिने आधी सुरू करावी. वस्तूबरोबर ती कोणी दिली, कधीची आहे, गावात कुठे वापरली हे तीन ओळींत लिहून घ्यावं. मुलाखती ध्वनिमुद्रित करायच्या तर लेखी संमती आधी, यंत्र नंतर. उलट केलं की उत्तम मुलाखत कपाटात पडून राहते, कारण वापरायची परवानगी कोणाकडेच नसते.

मोठ्याने वाचनाचा प्रकार सोपा आणि स्वस्त. मॅसॅच्युसेट्समध्ये २००९पासून गुलामीतून निसटून वक्ते झालेल्या फ्रेडरिक डग्लस यांचं ५ जुलै १८५२चं भाषण लोक उन्हाळ्यात चौकात एकत्र येऊन वाचतात. गुलामाला तुमची चार जुलै, म्हणजे अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन, काय सांगते, हा त्या भाषणाचा गाभा. पूर्ण भाषण जवळपास दहा हजार शब्दांचं, म्हणून छाटलेली आवृत्ती घेतात, परिच्छेद तोडून वाटतात आणि प्रत्येकजण आपला तुकडा वाचतो. पोलीस अधिकारी, पाद्री, शाळकरी मुलगी, एकापाठोपाठ एक. चूक होते ती वाचन संपताच टाळ्या वाजवून पांगण्याची. ज्या माणसाने ‘तुमचा’ असा शब्द आपल्या तोंडून उच्चारला, त्याला तो शब्द उच्चारताना काय झालं हे विचारायला पंधरा मिनिटं राखून ठेवावीत.

स्त्रियांच्या मताधिकाराबाबत लोक सगळ्यात जास्त घसरतात, कारण गोष्ट फार सुबक आहे. १८४८ साली सेनेका फॉल्सची स्त्री-हक्क परिषद, तिच्या जाहीरनाम्यावर १०० सह्या. १९२० साली टेनेसीत चोवीस वर्षांचे आमदार हॅरी बर्न आईच्या चिठ्ठीमुळे मत बदलतात आणि एकोणिसाव्या दुरुस्तीला मंजुरीसाठी लागणारं ३६वं राज्य मिळतं. छान आहे, पण ‘१९२०मध्ये अमेरिकन स्त्रियांना मत मिळालं’ हे वाक्य अर्धं खरं आहे. मिसिसिपीच्या कृष्णवर्णीय बाईला त्याच कारकुनासमोर त्याच अर्जासह उभं राहावं लागलं. सगळ्या मूळ अमेरिकन लोकांना नागरिकत्वच १९२४ साली मिळालं, आणि ॲरिझोना व न्यू मेक्सिकोत त्यांच्या मतावरची बंदी १९४८पर्यंत टिकली. दुसऱ्या टोकाला न्यू जर्सीत मालमत्ता असलेल्या अविवाहित स्त्रिया १८०७पर्यंत मत देत होत्या आणि मग त्यांचा हक्क काढून घेतला गेला. म्हणजे हक्क नुसता वाढत जात नाही, आटतोही. मराठी वाचकाला या चळवळीची पहिली सविस्तर ओळख बहुधा पंडिता रमाबाईंनी करून दिली. १८८६ ते १८८८ अमेरिकेत राहून त्यांनी तिथल्या स्त्रियांच्या संघटनांबद्दल मराठीत लिहिलं, तेव्हा तिथल्या बहुतेक स्त्रियांनाही मत नव्हतं.

न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला स्त्री-मताधिकार चळवळीच्या पुढारी सुझन अँथनी यांची कबर आहे. १८७२ साली त्यांनी मत दिलं म्हणून १०० डॉलर दंड झाला होता, तो त्यांनी कधी भरला नाही. निवडणुकीच्या दिवशी लोक तिथे ‘मी मत दिलं’चे स्टिकर संगमरवरावर चिकटवत. गोंदाने दगड खराब होऊ लागला, तेव्हा २०२० साली दगडाला पारदर्शक प्लास्टिकचं आवरण घातलं. स्मृतिस्थळावर कार्यक्रम करणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी: गर्दी कुठे हात लावणार, हे आधी ओळखावं लागतं.

अलीकडचा भाग हाताळताना सांभाळून बोलावं लागतं. करमुक्त धर्मादाय संस्थांना उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात बोलता येत नाही. नोंदणी कशी करायची हे सांगता येतं. १९६५च्या कायद्याने काय केलं, तर ज्या भागांचा इतिहास भेदभावाचा होता त्यांना मतदानाचे नियम बदलण्याआधी केंद्राची परवानगी घ्यायला लावली, आणि केंद्राचे नोंदणी अधिकारी पाठवले. मिसिसिपीत कृष्णवर्णीयांची नोंदणी कायद्याआधी ६.७ टक्के होती, १९६७पर्यंत ५९.८ टक्के झाली. २०१३ साली शेल्बी काउंटी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ते भाग ठरवण्याचं सूत्र जुनं झालं म्हणून रद्द केलं, आणि परवानगीची अट निष्प्राण झाली. बैठकीत बहुमताचा उतारा आणि न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांचं विरोधी मत शेजारी शेजारी ठेवावं. भिजत नाही म्हणून पावसात छत्री फेकून देण्याची त्यांची उपमा लोकांना लगेच भिडते, म्हणूनच बहुमताचा युक्तिवाद आधी पूर्ण वाचून घ्यावा, नाहीतर चर्चा छत्रीवरच संपते.

पैशाचं गणित नाजूक आहे. राज्य परिषदांना मिळणाऱ्या केंद्रीय पैशाला जोड म्हणून स्थानिक वाटा उभा करावा लागतो, आणि स्वयंसेवकांचे तासही त्यात धरता येतात. म्हणून हजेरीवही नीट ठेवणारी संस्था पुढचं अनुदान मिळवते. एप्रिल २०२५मध्ये राष्ट्रीय निधीने परिषदांची अनुदानं अचानक रद्द केली. मेलन या खासगी प्रतिष्ठानाने दीड कोटी डॉलरची तातडीची मदत दिली, प्रकरण न्यायालयात गेलं. ज्या गावांनी वाचनालय, चर्च आणि शाळा यांना आधीपासून भागीदार केलं होतं, त्यांचे कार्यक्रम निदान टेबल-खुर्च्यांसह तग धरू शकतात. ज्यांनी सगळं परिषदेच्या धनादेशावर टांगलं होतं, त्यांना ते अवघड जातं.

भारतीय वंशाच्या लोकांसाठी वेगळी बैठक घ्यायची तर कागद तयार आहेत. १९२३ साली भगतसिंग थिंड यांना सर्वोच्च न्यायालयाने नागरिकत्व नाकारलं, कारण बाहेरून आलेल्याला नागरिकत्व फक्त ‘गोऱ्या’ किंवा आफ्रिकी वंशाच्या माणसालाच मिळे, आणि ते ‘गोरे’ ठरले नाहीत. १९४६च्या कायद्याने वाट मोकळी झाली, आणि दहाच वर्षांनी दलीपसिंग सौंद कॅलिफोर्नियातून काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, निवडून आले. १९७५ साली मतदान हक्क कायद्यात भाषेचं कलम आलं. त्याच्या आजच्या रूपानुसार एका भाषेच्या, इंग्रजी नीट न येणाऱ्या मतदार-वयाच्या नागरिकांची संख्या काउंटीत दहा हजारांवर किंवा पाच टक्क्यांवर गेली, आणि त्यांच्यातलं निरक्षरतेचं प्रमाण राष्ट्रीय सरासरीपेक्षा जास्त असलं, तर निवडणुकीचे कागद त्या भाषेत द्यावे लागतात. त्याखाली शिकागोच्या कुक काउंटीत हिंदी आली, न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये बंगाली. अशा बैठकीच्या शेवटी सहभागींच्या हातात दोन कागद द्यावेत: मिसिसिपीचा तो २१ प्रश्नांचा अर्ज आणि त्यांच्या स्वतःच्या काउंटीचा आजचा नोंदणी अर्ज, वर नोंदणीची शेवटची तारीख मोठ्या अक्षरांत लिहिलेली. तारीख राज्यागणिक बदलते, म्हणून छापण्याआधी काउंटीच्या निवडणूक कचेरीला फोन करून खात्री करावी.